एकवीस दिवसांची सुई

धावडा, १८ जानेवारी २०२४

आत्या, पाया पडते.

काकासाहेबदादा फोनवर सांगत होता, कानाचं मशीन लावलं की आईला डोक्यात चक्की चालू झाल्यासारखं होतं, म्हणून तू ते डब्यात घालून फळीवर ठेवून दिलंय. राहू दे तिथंच. तुझ्याशी फोनवर ओरडून गल्ली गोळा करण्यापेक्षा मला असं लिहायला आवडतं. आष्टीला पत्र चार दिवसांत पोचतंय, एवढं बास.

इथं आता बरी रुळले. सहावीचा वर्ग माझ्याकडं, एकतीस पोरं. थंडी मरणाची. घाटाकडून वारं सुटलं की पोरं स्वेटरात हात घालून बसतात नि वही उघडायला तयार होत नाहीत.

तुला एक विचारायचं होतं. वर्गात रेणू म्हणून एक मुलगी आहे. बाप राधाकिसन मेंढ्या राखतो, आई बायनाबाई दुसऱ्याच्या वावरात रोजानं जाते. धाकटी बहीण छकुली पहिलीत. जून ते दिवाळी या रेणूनं मला खूश करून सोडलं होतं. फळ्यावर रोजचा सुविचार तीच लिहायची. केंद्रप्रमुख आले तर म्हणाले, मॅडम, अक्षर छान आहे तुमचं.

आणि आता? ओळ सोडून अक्षरं कुठंही पळतात. काही विचारलं की तोंड वेडंवाकडं करते, मधेच जीभ काढते. पेन पाडते, पट्टी पाडते. काल खिचडीचं ताट पाडलं, आठवड्यात तिसऱ्यांदा, आणि वर माझ्याकडं बघून हसली. मी बोलले तिला. जरा जास्तच बोलले.

तू पस्तीस वर्षं उपकेंद्रात काढलीस, गावोगावची पोरं बघितलीस. चांगल्या पोरीचं असं एकाएकी का होतं? लाड करू की कडक राहू?

साधना

---

आष्टी, २४ जानेवारी २०२४

चि. साधना, सुखी रहा.

पत्र मिळालं. मशीनची चहाडी करणाऱ्या काकासाहेबाला मी बघते. त्याच्या बायकोचं बोलणं ऐकू येत न्हाई म्हणूनच तर घरात शांतता आहे.

त्या पोरीचं म्हणशील तर बारा वर्षं हे वयच तसं. हातपाय लांब होतात, पोरीला आपलेच हातपाय परके वाटतात. मी शाळेत असताना दोन मडकी फोडली होती. तिची पाळी सुरू झाली का, आईला हळूच विचार. रक्त कमी असल, जंताची गोळी दिली का बघ. घरात भांडणं होत असतील तर पोरं शाळेत असं करतात. बाप रानात, आई रोजानं, तिच्यावर धाकटीचा भार असणार.

हसली म्हणून रागावू नको. घाबरलेलं लेकरू पण हसतं. कडक राहू नको. महिन्याभरात होईल बराबर.

इकडं तुरी झाल्या. तुला डाळ पाठवते.

आत्या

---

धावडा, ५ फेब्रुवारी २०२४

आत्या,

डाळ मिळाली. तुझं म्हणणं मी ऐकलं, रेणूला काहीच बोलले नाही. पण हे काही वयाचं दिसत नाही.

सव्वीस जानेवारीला तिचं भाषण होतं. पाठ होतं तिला, माझ्यासमोर दोनदा म्हणून दाखवलेलं. सरपंचांसमोर उभी राहिली आणि तोंड हलायला लागलं. भुवया वर, ओठ बाजूला, एक खांदा उडायचा. शब्द तोंडातच घोळायले. आधी पोरं हसली, मग मोठी माणसं हसली. ती तशीच उभी राहून बोलत राहिली आणि बोलता बोलता रडायला लागली. मी जाऊन तिला खाली आणलं. आत्या, तिचा हात धरला तर तो माझ्या हातात मासा धरल्यासारखा वळवळत होता.

त्यानंतर चार दिवस आली नाही. मी घरी गेले. तिला शर्टाची गुंडी लावता येत नाही. भाकरीचा घास तोंडाऐवजी गालाला लागतो. बायनाबाई म्हणाली, "मॅडम, शेळीचं दूध हीच काढायची. आता चरवीत कमी नि जमिनीवर जास्त. शेळीबी तिला जवळ येऊ देईना." तिनं दृष्ट काढली, दंडाला दोरा बांधला. शेजारच्या बायका म्हणतात, बाहेरचं आहे. राधाकिसन म्हणाला, "शाळेचा कंटाळा आला आसंल. न्हाई पाठवत. मेंढरामागं फिरंल तर नखरे आपोआप बंद व्हतेत."

मी समजावून परत आणलीय. वर्गात मागे बसते. दमली की बाकावर डोकं ठेवून झोपते. झोपली की मात्र इतकी शांत असते की मी दोनदा जवळ जाऊन बघितलं.

डिसेंबरात ती आठ-दहा दिवस लंगडत होती, तेव्हा मी तिला कवायतीतून सूट दिली होती. पाय मुरगळला असंल म्हटलं. त्याचा याच्याशी काही संबंध नसावा, पण तुला सगळं लिहून ठेवते.

साधना

---

आष्टी, ९ फेब्रुवारी २०२४

साधना,

तुझं पत्र वाचून लगेच काकासाहेबाच्या मोबाईलवरून तुला मेसेज करायला लावला, तो मिळालाच असल. पोरीला घेऊन जल्दी जालन्याला जा. गावातल्या गावात दाखवून परत येऊ नको. हे पत्र सोबत ठेव, डॉक्टरला दाखवायला.

संबंध आहे. मी पहिल्या पत्राला चुकले. लंगडत होती हे तू तेव्हा लिहिलं न्हाईस, आणि मी विचारलं न्हाई. विचारायचं काम माझं होतं.

जायच्या आधी आईला तीन गोष्टी विचार. दिवाळीच्या आगंमागं घसा दुखून ताप आल्ता का. मंग सांधे सुजले का, आज हा गुडघा, परवा तो घोटा, असं फिरत. चढ चढताना दम लागतो का.

आणि तू स्वतः बघ. तुझी दोन बोटं तिच्या मुठीत दे, म्हण घट्ट धर. तिची मूठ घट्ट-सैल, घट्ट-सैल होईल, धार काढल्यासारखी. जीभ बाहेर काढून ठेव म्हण, ठेवता येणार न्हाई. झोपेत हे सगळं बंद होतं, ते तू लिहिलंच आहेस. बाहेरचं असतं तर ते झोपेत कशाला सुट्टी घेईल?

नर्सिंगला आमच्या मॅडमनी हे शिकवलं होतं. मी नोकरीत एकदाच पाहिलं. घशात एक जंतू होतो, स्ट्रेप्टोकोकस. दुर्बिणीखाली माळेच्या मण्यांसारखा दिसतो. घसा चार दिवसांत बरा होतो, पण जंतूला मारायला रक्तात जे तयार होतं ते थांबत न्हाई. ते आपल्याच अंगावर उलटतं. आधी सांध्यांवर, मंग मेंदूवर, म्हणून हात नाचायलेत. हात बरे होतात. माझी भीती हाताची न्हाई, हृदयाची आहे. हृदयाची तपासणी केल्याबिगर डॉक्टरच्या खोलीतून उठू नको.

पोरीला सांग, तू काही वाईट करून न्हाई राह्यलीस. हे पहिल्यांदा सांग.

आत्या

---

धावडा, १९ फेब्रुवारी २०२४

आत्या,

तू लिहिलं तेच निघालं.

बायनाबाईला विचारलं तर ती सहज म्हणाली, "हां, दिवाळीच्या टायमाला घसा धरल्ता. थुंकी गिळना. मीठपाण्याच्या गुळण्या केल्या, गेलं. मंग गुडघे सुजले, मेंढीच्या चरबीनं चोळलं, तेबी गेलं." प्रत्येक वेळी गेलंच होतं ना, आत्या. तिनं कशाला डॉक्टरकडं जावं?

धावड्याहून भोकरदन, भोकरदनहून जालना. राधाकिसन मेंढरं सोडून आला नाही, बायनाबाई आणि मी गेलो. एसटीत रेणूचा हात शेजारच्या बाईला लागत होता. ती बाई दोनदा सरकून बसली. शेवटी बायनाबाईनं पोरीचे दोन्ही हात आपल्या पदरात गुंडाळून मांडीवर दाबून धरले, जालन्यापर्यंत.

तरुण डॉक्टर होता. त्यानं तुझं पत्र वाचलं. वाचून झाल्यावर विचारलं, "ह्या बाई कुठं असतात?" मग स्वतःची दोन बोटं रेणूच्या मुठीत दिली. मी बघत होते. घट्ट-सैल, घट्ट-सैल. नळी लावून बराच वेळ ऐकत बसला. हृदयाची सोनोग्राफी करायला संभाजीनगरला पाठवलं. डाव्या बाजूच्या झडपेला थोडी गळती आहे. ऑपरेशनची गरज नाही, पण पुन्हा तो जंतू घशात आला तर झडप आणखी खराब होणार. म्हणून पेनिसिलिनची सुई, दर एकवीस दिवसांनी, कमीत कमी वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत. बायनाबाईनं बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. पहिली सुई चौदा तारखेला दिली. हात हलायचा थांबावा म्हणून गोळ्या वेगळ्या आहेत.

आता एक गोष्ट लिहिते. पहिल्या पत्रात लिहिलं होतं, जरा जास्तच बोलले. मी नुसतं बोलले नव्हते. सतरा जानेवारीला ताट पाडलं तेव्हा मी तिला टेबलाजवळ बोलावलं, हात पुढं कर म्हटलं. हात स्थिर राहीना. मला वाटलं मुद्दाम करतेय. लाकडी पट्टीनं बोटांच्या सांध्यांवर मारलं, दोनदा. मग पट्टीच्या कडेनं एकदा. ती हसली म्हणून तो तिसरा.

अकरा वर्षांच्या नोकरीत मी पोरावर हात उचलला नव्हता. कुणाला सांगितलं नाही. बायनाबाईलाही नाही. ती एसटीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. म्हणत होती, मॅडम, तुमच्यासारखं माणूस मिळालं म्हणून.

मला झोप येत नाही. तू काहीतरी लिही.

साधना

---

आष्टी, २४ फेब्रुवारी २०२४

चि. साधना,

काहीतरी लिही म्हणालीस. तुझी चूक न्हाई, असं लिहू का? लिहिता येत न्हाई. आजार तुला ओळखू आला न्हाई ही चूक न्हाई, मलाही आला न्हाई. पट्टी मारली ती चूक आहे. आजार नसता तरी चूकच होती.

माफी मागायची असली तर जिच्या हातावर मारलं तिच्याकडं माग. मी आष्टीत बसून कशी देऊ? तिच्या आईलाही सांग. आईचा विश्वास तुला फुकट नको.

सुईचं नीट ऐक. ती सुई फार दुखते. औषध घट्ट असतं. बाटली पाच मिनिटं मुठीत धरून अंगाच्या गरमीवर आणायची, हळूहळू ढकलायचं, दोन-तीन मिनिटं लागू द्यायची. टोचायच्या आधी तिथं अंगठ्यानं दाबून धरायचं. तिथल्या सिस्टरला सांग, आष्टीच्या रिटायर नर्सनं सांगितलंय म्हणावं. दर वेळी अर्धा तास बसवून मंगच घरी सोडायचं. कुठं कुठं ही सुई द्यायला लोक घाबरतात, रिअॅक्शन येईल म्हणतात. म्हणून देणारी जागा एकच धर, आणि तारखा कार्डावर लिहून घे.

पोरगी महिन्या-दोन महिन्यांत बरी दिसायला लागेल. तेव्हा मला कळव. मला भीती तेव्हाची आहे.

आत्या

---

धावडा, २० एप्रिल २०२४

आत्या,

दोन महिने लिहिलं नाही. आधी हिंमत नव्हती, मग परीक्षा आल्या.

मी आधी बायनाबाईला सांगितलं. ती ज्वारीचा कडबा रचत होती. तिनं ऐकलं, हातातली पेंढी ठेवली आणि म्हणाली, "मीबी दोन ठेवून दिल्या व्हत्या तिच्या पाठीत." पुन्हा कडबा रचायला लागली. पुढं पंधरा दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. बरोबरच होतं.

रेणूला शाळा सुटल्यावर थांबवलं. म्हटलं, मी तुला मारलं ते चुकलं, तू मुद्दाम करत नव्हतीस. ती म्हणाली, "मॅडम, मी पण त्याला घरी मारायची. फुंकणीनं. मला वाटायचं मारलं की ऐकंल. तुम्ही मारलं तवा मला बरंच वाटलं, म्हटलं मोठ्या माणसाचं तरी ऐकंल." तिनं बाही वर करून दाखवलं. मनगटाच्या वर जुने डाग होते. आत्या, ती तीन महिने स्वतःच्या हाताशी भांडत होती आणि आम्ही सगळे हाताच्या बाजूनं होतो.

आता हात जवळजवळ थांबलाय. दमली किंवा रागावली की थोडा उडतो. पेपर तिनं स्वतः लिहिले.

आणि तू म्हणालीस तीच भीती आली. तीन सुया झाल्या. चौथी सतरा एप्रिलला होती. रेणू आदल्या दिवशीपासून जेवली नाही. सुईनंतर दोन दिवस तिला बसता येत नाही. सकाळी ती घरातून निघून गेली, राधाकिसनला रानात सापडली. तो म्हणाला, "बरी झाली पोर. आता कशाला कळ काढायची?" मी गेले तर मलाच म्हणाला, "मॅडम, तुम्ही लई केलं आमच्यासाठी, न्हाई म्हणत न्हाई. पन तिच्यात आता काय कमी हाय, दाखवा." समोर ती छकुलीबरोबर लंगडी खेळत होती.

शाळेला सुट्टी लागली की ते मेंढरं घेऊन घाट उतरून खाली जाणार आहेत, थेट मृगाला परत येतील. म्हणजे आणखी दोन सुया बुडणार. बायनाबाईचं मन दोन्हीकडं आहे. माझं ऐकावं एवढा माझा हक्क उरलेला नाही. तू तिला लिहिशील का? तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन.

साधना

---

आष्टी, २५ एप्रिल २०२४

बायनाबाई,

मी साधनाची आत्या, पुष्पाबाई. आपली भेट न्हाई. साधना हे वाचून दाखवील. साधना, मधे थांबू नको आणि काही गाळू नको.

मला एक मुलगी होती, अक्षता. आठवीत असताना तिचे सांधे सुजले. मी नर्स, मला लगेच कळलं. डॉक्टरनी झडप खराब आहे म्हणून सांगितलं नि हीच सुई लावली, दर एकवीस दिवसांनी. आणायला कुठं जायचं न्हवतं. औषध माझ्या कपाटात, सुई माझ्या हातात. मीच टोचायची.

ती फार रडायची. सुईचा दिवस आला की माझ्याशी बोलायची न्हाई. म्हणायची, दुसऱ्यांच्या आया मलम लावतात, माझी आई टोचते. दीड वर्ष टोचलं. पोरगी चांगली धडधाकट झाली, पळायची, झिम्मा खेळायची. मला वाटलं, आता काय झालंय तिला. एक तारीख चुकवली, काहीच झालं न्हाई. मंग दुसरी चुकवली. मंग बंदच केली. कुणी सांगितलं न्हाई बंद कर म्हणून. डॉक्टरनी न्हाई, नवऱ्यानी न्हाई. मी केली. लेकराचं रडणं मला बघवलं न्हाई.

त्यानंतर तिला दोन-तीनदा घसा धरला असल. पोरांना धरतोच. मी गुळण्या दिल्या.

एकोणिसाव्या वर्षी लग्न केलं. पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात दम लागायला लागला. आडवं झोपता येईना, भिंतीला टेकून बसायची. झडप पार आवळून गेली होती. बाळ न्हाई राह्यलं, तीही न्हाई राह्यली. तेव्हा ती वीस वर्षांची होती.

नातेवाइकांना आम्ही सांगितलं, जन्मापासून हृदयाला भोक होतं. साधनालाही तेच माहीत आहे. मी बावीस वर्षं तेच सांगत आले. काकासाहेबालासुद्धा सुयांचं माहीत न्हाई.

तुम्हाला घाबरवायला लिहिलं न्हाई. तुमच्या रेणूची झडप थोडीच बिघडलीय, ती आहे तशी राहू शकते. सुई चुकली न्हाई तर ती लग्न करील, लेकरं होतील, म्हातारी होईल. सुई रेणूला आज काय झालंय त्याच्यासाठी न्हाईच. उद्या जंतू येऊ नये म्हणून आहे. राधाकिसनभाऊंना माझ्याकडून विचारा, पावसाळ्याच्या आधी मेंढरांना लस टोचता, ती मेंढरं आजारी असतात म्हणून टोचता का? आजारी पडल्यावर टोचून काय उपयोग असतो, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत.

रडू द्या तिला. तिचा राग तुमच्यावर निघाला तर निघू द्या. मला तो सहन झाला न्हाई. तुम्ही करा.

पुष्पाबाई

---

धावडा, ६ मे २०२४

आत्या,

वाचलं. मधे थांबले, ते तू माफ कर.

संध्याकाळी त्यांच्या दारात बसून वाचलं. बायनाबाई, राधाकिसन दोघं होते. पोरी पाणी आणायला गेल्या होत्या. अक्षताताईचं आलं तेव्हा मला पुढचं दिसेना. बायनाबाईनं माझ्या हातातून कागद घेतला, तिला वाचता येत नाही तरी घेतला, आणि माझं होईपर्यंत धरून बसली. मग परत दिला.

संपल्यावर राधाकिसन उठून मेंढरांकडं गेला. मला वाटलं, झालं, नाही पटलं. परत आला तो कार्ड घेऊनच. म्हणाला, "मॅडम, ह्यावर कोनकोन्त्या तारखा हायेत त्या मोठ्या आकड्यात लिहून द्या. मला आकडे येतेत." मग म्हणाला, "लशीचं बराबर हाय त्यांचं. गेल्या साली एका कळपानं टोचली न्हाई. सकाळी उठून बघितलं तं निम्मी मेंढरं ताठ."

दुसऱ्याच दिवशी तो स्वतः पोरीला घेऊन गेला. सिस्टरनं बाटली मुठीत धरून गरम केली. रेणू रडली, बापाच्या हाताला चावलीसुद्धा. त्यानं हात काढून घेतला नाही म्हणे.

आता बायनाबाई आणि पोरी गावातच राहणार आहेत. तो एकटाच पुतण्याला घेऊन घाट उतरून गेला. दोघांची कमाई एका माणसावर आली.

तुझ्याबद्दल तिनं एकच विचारलं, "त्यांना अजून कोन हाय?" मी म्हटलं, मुलगा आहे, सून आहे, मी आहे.

आत्या, मला आठवतंय ताई भिंतीला टेकून बसायची. मी नऊ वर्षांची होते. मी तिला म्हटलं होतं, तू झोपत का नाहीस, राजासारखी बसून का राहतेस. ती हसली होती. मला आजपर्यंत माहीत नव्हतं की ते मी का विसरले नाही.

काकासाहेबदादाला तू सांग. मी सांगणार नाही. पुढच्या आठवड्यात सुट्टीत येते. मशीन डब्यातून काढून ठेव, या वेळी मला तुझ्याशी हळू आवाजात बोलायचंय.

साधना

---

धावडा, २ डिसेंबर २०२४

पुष्पाबाईंना बायनाबाईचा रामराम. लिहिणारी रेणू. आई सांगून राह्यली तसंच लिहिते, मॅडमनी तपासलं न्हाई.

तुमची पोर बरी हाय. परवाच्या तारखेला चौदावी सुई झाली. आता रडत न्हाई, नुसती शिव्या देती. (आई, मी शिव्या देत नाही. रेणू.) संभाजीनगरला पुन्हा फोटो काढला हृदयाचा, झडप व्हती तेवढीच हाय, वाढलं न्हाई म्हनले.

पत्र लिहायचं कारन येगळं हाय. दिवाळी झाल्यावर छकुलीला ताप आला. मी तिला उजेडाला नेलं, आऽ कर म्हनलं. घसा लालभडक, आत पांढरे ठिपके, गळ्याला दोन्हीकडं गाठी. खोकला न्हाई, सर्दी न्हाई. मला तवाच धसका बसला. हे रानातून यायची वाट बघितली न्हाई. मॅडमबी गावाला गेल्त्या. कापूस वेचायला जायचं व्हतं ते सोडलं, छकुलीला कडंवर घेतलं नि गाडी धरली.

दवाखान्यात लई गर्दी. डॉक्टर पोरगाच व्हता, नवा. त्यानं लांबूनच बघितलं, म्हनला, साधा घसा हाय, गुळण्या करा, दोन दिवसांत जाईल. आधी मला कुनी डॉक्टर असं म्हनला आसता तं मी त्याच्या पाया पडून घरी आले आसते. म्या म्हनलं, "साहेब, दोन दिवसांत जातंय, मला ठावं हाय. मोठीचंबी गेल्तं. गेल्यावर काय व्हतंय तेबी ठावं हाय." मंग रेणूचं कार्ड त्याच्या टेबलावर ठिवलं. त्यानं सगळं कार्ड वाचलं, मागून पुढून. मंग उठून छकुलीला स्वतः खाटेवर बसवलं, बॅटरी लावून घसा बघितला, गाठी चाचपल्या, छातीला नळी लावली. दहा दिवसांचं औषध दिलं. म्हनला, मावशी, तिसऱ्या दिवशी बरी वाटंल, तरी दहाही दिवस द्या. म्या म्हनलं, तेबी ठावं हाय.

दहाही दिवस दिलं. एकबी चुकवलं न्हाई. तुम्ही इच्याराल म्हनून सांगते.

निघताना तो म्हनला, "मावशी, हे एवढं तुम्हाला कुनी शिकवलं?" तुमचं माझं नातं काय सांगू? म्या म्हनलं, "माझ्या नणंदबाई हायेत आष्टीला. नर्स व्हत्या. त्यांनी शिकवलं." तो म्हनला, लई हुशार दिसतेत. म्या म्हनलं, हुशार हायेत, पन ऐकू येत न्हाई.

तर हे असं खोटं बोलून आले मी. इच्यारल्याबिगर तुम्हाला नणंद केलं. रेणूचे वडील म्हनले, आता बहीन म्हनून सांगितलीच हाय तं लुगडं घ्यावं लागंल, घेऊन ठिवा. कालच्या बाजारातून आनलं हाय. अंजिरी रंगाचं, काठ हिरवा. राग आला आसंल तं पत्रात लिहू नका, हितं येऊन भांडा. शेळी व्यायलीय, चहाला दूध हाय.